आमचे घर का विकेना?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा दहावीच्या उंबरठ्यावर सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलो. चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही संपावर किंवा वेतनकरारावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हणालो, "आमचा फ्लॅट अडीच वर्षे विकला गेला नाही, त्यावर बोलतो." ते हसले. आता आपणही हसलात. गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. परंतु या सभेत अशी काही मंडळी नक्की असतील, की ज्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आज एका बंद घराची किल्ली आहे, आणि गिऱ्हाईक येईना म्हणून ज्यांना रात्री झोप नाही. त्यांना ही हकीकत उपयोगी पडेल. आणि शेवटी आम्ही वेतनकरारावरच येणार आहोत, हेही आताच सांगून ठेवतो.

प्रथम घराची ओळख करून दिली पाहिजे. सातपूर भागात तिसऱ्या मजल्यावर एक बैठकीची खोली, एक निजायची खोली, स्वयंपाकघर आणि हातभर सज्जा, म्हणजे आजच्या भाषेत वन बीएचके. इमारतीला लिफ्ट नाही. १९९८ साली आम्ही ते ३ लाख ४० हजारांना घेतले. त्यात भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम होती, कारखान्याच्या पतपेढीचे कर्ज होते, आणि सौभाग्यवतींच्या चार बांगड्या होत्या. कर्ज फेडायला चौदा वर्षे लागली. ज्या दिवशी शेवटचा हप्ता गेला, त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी झाली.

पुढे सासूबाईंना पाहायला कोणी उरले नाही, म्हणून २०१७ मध्ये आम्ही त्यांच्या तळमजल्याच्या घरात राहावयास गेलो. त्याच सुमारास मुलीला तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिच्या शिक्षणासाठी आणि सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पतपेढीतून ६ लाख रुपये १३ टक्के व्याजाने उचलले. हिशेब सोपा होता. रिकामा फ्लॅट तीन महिन्यांत विकावा, पतपेढीचे फेडावे, उरलेले मुलीच्या नावाने ठेवावे. जून २०१८ मध्ये आम्ही दलालाला किल्ली दिली, आणि तो डिसेंबर २०२० मध्ये विकला गेला.

आता हे असे का झाले, याचा विचार करू. पहिली चूक आमची स्वतःची. आम्ही २२ लाख मागितले. हा आकडा कोठून आला? आमच्या खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी २०१४ साली आपला फ्लॅट २१ लाखांना विकला होता. आमचा त्याहून हवेशीर, शिवाय चार वर्षे लोटली, तेव्हा २२ म्हणजे आम्ही नम्रपणाच केला असे आम्हांस वाटत होते. परंतु मधल्या काळात जग बदलले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. मे २०१७ पासून स्थावर संपदेचा नवा कायदा पूर्णपणे अमलात आला आणि जो तो चटई क्षेत्र विचारू लागला. आमच्या खरेदीखतावर ५८५ चौरस फूट लिहिलेले होते. टेप लावून मोजले तर आतून ४३० भरले! एका गिऱ्हाइकाने ते आमच्यासमोर मोजले. तोवर आम्ही वीस वर्षे त्या घरात ५८५ फुटांच्या समाधानात राहिलो होतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये एका गृहस्थांनी साडेएकोणीस लाख देऊ केले. आम्ही नाही म्हणालो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, देऊन टाका." आम्ही म्हणालो, "घाई कशाला? थोडे ताणून धरू." मंडळी, तीस वर्षे आम्ही कामगारांना एक गोष्ट सांगत आलो, की संपात ज्याची शिल्लक जास्त तो जिंकतो. केवळ धीराने भागत नाही, धीराला पैसे लागतात. मुंबईचा गिरणीसंप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या धैर्यात काही कमी नव्हते. कमी होते ते घरातले धान्य. तडजोड कोणत्या दिवशी करावी हे ओळखणे ही आमच्या धंद्यातली पहिली विद्या. आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत ती आम्ही साफ विसरलो. बिल्डर बँकेच्या पैशावर ताणून धरतो, आम्ही पतपेढीच्या १३ टक्क्यांवर ताणून धरत होतो. दरमहा साडेसहा हजार रुपये व्याज आणि अकराशे रुपये सोसायटीचा देखभाल खर्च, घरात कोणी दिवा लावो अगर न लावो, चालूच होता.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. एक गिऱ्हाईक जमले, भाव जमला, आणि बँकेच्या वकिलाने इमारत पूर्णत्वाचा दाखला मागितला. सोसायटीच्या कपाटात तो नव्हता. जमीनही अद्याप मूळ बिल्डरच्याच नावे होती. १९६३ च्या कायद्याने बिल्डरने इमारत आणि जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावयाची असते. तो देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीप्रमाणे सोसायटीला सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन मानीव अभिहस्तांतरण करून घेता येते. आम्ही जगाच्या हक्कांसाठी भांडत हिंडलो, आणि आमच्याच सोसायटीच्या वार्षिक सभेला वीस वर्षांत चार वेळासुद्धा गेलो नाही. दाखल्याची नक्कल महापालिकेतून मिळेपर्यंत पाच महिने गेले, आणि गिऱ्हाईकही गेले.

त्यानंतर सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्यांनी 'ना हरकत' दाखल्यासाठी इमारत निधीला ऐच्छिक देणगी मागितली. ऐच्छिक म्हणजे किती, तर ६० हजार. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला आपले भाग विकण्यास सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, आणि २००१ च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे हस्तांतरणाचे अधिमूल्य महापालिका क्षेत्रातही २५ हजारांवर घेता येत नाही. हे आम्ही त्यांना छापील दाखवले, तेव्हा ते गप्प झाले. परंतु घेणाऱ्याची बँक तो दाखला मागतेच, आणि अडवणुकीची वाट तिथूनच निघते. म्हणून आम्ही सांगतो, की घर विकावयाचे मनात आले की दलालाकडे जाण्यापूर्वी कपाट उघडा. मूळ खरेदीखत, नोंदणीची पावती, भागपत्र, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीची अखेरची पावती, कर्ज फिटल्याचे पत्र, हे सर्व एका फाइलीत आहे काय ते पाहा. मंद बाजारात दहा महिन्यांतून एखादेच खरे गिऱ्हाईक येते. त्याला कागदासाठी थांबवू नये.

तिसरी गोष्ट रोख रकमेची. एका व्यापाऱ्याने १९ लाख देऊ केले, परंतु त्यांतले ५ लाख रोखीने, करारात दाखवायचे नाहीत. आम्ही मोहात पडलो नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. दोन रात्री विचार केला. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका आहे. परंतु खरे सांगायचे तर दंडाच्या भीतीने आम्ही नाही म्हटले नाही. कारखानदाराच्या दोन वह्या असतात म्हणून आम्ही आयुष्यभर ओरडलो. आता आपल्याच घरी दुसरी वही उघडायची, तर उद्या फाटकावर कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

येथपर्यंत जे सांगितले ते कोणाही गृहस्थाच्या वाट्यास येते. आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. घराची किंमत ठरते कोठे? आमची समजूत अशी होती, की ती रस्त्यावरून, मजल्यावरून, हवेवरून ठरते. शासनाचे वार्षिक दरपत्रक आहे, त्यावरून ठरते. हे सारे खरे, पण अर्धे. घेणारा मनुष्य घर विकत घेत नाही, तो हप्ता विकत घेतो. एक लाखाचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने ९ टक्के दराने घेतले, तर दरमहा सुमारे ९०० रुपये पडतात. ज्या कुटुंबात दोघे मिळून ३० हजार मिळवतात, त्याला महिन्याला १२ हजारांच्या वर हप्ता सोसत नाही. बारा हजारांस नऊशेंनी भागा. तेरा लाख तेहतीस हजार. हे कर्ज किमतीच्या ८० टक्के धरले, तर घराची किंमत येते १६ लाख ६६ हजार. हा हिशेब आम्ही एका रात्री पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर केला आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसलो. आम्ही मागत होतो २२. आमच्या भागात ज्याला असले घर हवे होते, त्याच्या पगारात २२ लाख नव्हतेच. मग ते आमच्या भिंतींत कोठून येणार?

यावर कोणी म्हणेल, की सोळा लाखांचे तरी गिऱ्हाईक यावयास हवे होते. ते आले होते. आणि तीच या हकीकतीतली आमच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात एक तरुण जोडपे घर पाहावयास आले. तीन वेळा आले. बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून पाळणा कोठे टांगता येईल ते पाहिले. पहिल्या भेटीतच त्या मुलाने आम्हांस ओळखले. ज्या कारखान्यात आमची युनियन आहे, त्याच कारखान्यात तो अकरा वर्षे यंत्रावर काम करीत होता, कंत्राटदाराकडून. सतरा लाखांवर बोलणे झाले. बँकेने कर्ज नाकारले. कारण काय? त्याच्या वेतनचिठ्ठीवर अकरा वर्षांत चार कंत्राटदारांची नावे होती. यंत्र तेच, फाटक तेच, पाळी तीच, माणूस तोच, परंतु कागदावर तो दर दोन-तीन वर्षांनी नवा नोकर. बँकेच्या अधिकाऱ्याने त्याला विचारले, "तुमची नोकरी नक्की कोणाकडे?" याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. तो आम्हांस सांगावयास आला तेव्हा रागावलेला नव्हता. "भाऊ, घर दुसऱ्याला द्या, आमच्यासाठी थांबू नका," एवढेच म्हणाला, आणि आम्ही बयाणा म्हणून घेतलेले अकरा हजार परत घेऊन गेला.

त्या रात्री आम्हांस २००४ सालचा करार आठवला. तो करार आम्ही केला. कायम कामगारांना चांगली पगारवाढ मिळाली, गुलाल उधळला गेला, आमच्या गळ्यात हार पडले. त्या करारात एक कलम होते, की नवीन यंत्रशाळेतील भरती व्यवस्थापन आपल्या सोयीप्रमाणे करील. 'सोयीप्रमाणे' या शब्दाचा अर्थ आम्हांस कळत नव्हता असे नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आम्हांस पाठ होता. कंत्राट रद्द झाले तरी कामगार आपोआप कायम होत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकालही आम्ही वाचला होता. न्यायालयाचे दार अरुंद झाले आहे, आता जे मिळवायचे ते कराराच्या टेबलावरच, हे ज्यांना कळत होते त्यांपैकी आम्ही होतो. तरी सही केली. कारण जे आत होते त्यांची वाढ समोर दिसत होती, आणि जे अजून यावयाचे होते त्यांना चेहरा नव्हता. पंधरा वर्षांनी तो चेहरा आमच्याच स्वयंपाकघरात पाळण्याची जागा पाहत उभा राहिला.

बंधुभगिनींनो, म्हणून आम्ही म्हणतो, की आमच्या घराचा भाव दलालाने पाडला नाही. तो कारखान्याच्या फाटकावर पडला, आणि पाडणाऱ्यांत आमचीही सही आहे. १९९८ मध्ये आमच्यासारखा तिशीतला कायम कामगार हाच वन बीएचकेचा गिऱ्हाईक होता. आमच्या जिन्यातली सहा घरे अशीच घेतलेली होती. ते गिऱ्हाईक आम्ही आमच्या हातांनी विरळ केले, आणि मग त्याची वाट पाहत अडीच वर्षे बसलो. हे एकट्या सातपूरचे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली, आणि २०१२ मध्ये शासनाच्याच तज्ज्ञगटाने शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख ठरवली. एकीकडे कुलपे, दुसरीकडे बेघर. याची कारणे अनेक आहेत, सगळी एकाच पोत्यात भरू नयेत. परंतु कुलूप आणि माणूस यांच्यामध्ये जो दरवाजा आहे, तो पुष्कळदा वेतनचिठ्ठीचा असतो.

आता विक्री कशी झाली ते सांगून पुरे करतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सहा महिने घराकडे कोणी फिरकले नाही. परंतु रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, आणि वर्ष संपता संपता गृहकर्ज ७ टक्क्यांच्या आसपास मिळू लागले. म्हणजे लाखाला ९०० चे ७७५ झाले. राज्य शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली. सरकारी रुग्णालयातील एक परिचारिका आणि त्यांचे यजमान घर पाहावयास आले. त्यांना जवळचे घर हवे होते, कारण रात्रपाळी असे. त्यांनी साडेसोळा लाख सांगितले. आम्ही त्याच बैठकीत हो म्हणालो. मुद्रांक शुल्कात त्यांचे ४९ हजार ५०० वाचले, आणि घर बाईंच्या नावे असल्याने पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज अनुदानासही त्या पात्र ठरल्या. बँकेने कर्ज आठ दिवसांत मंजूर केले. कारण त्यांची नोकरी कायम होती. पहा, दोन्ही कुटुंबांची मिळकत जवळजवळ सारखीच होती!

साडेएकोणीस नाकारले आणि साडेसोळा घेतले, तीन लाख तेथे गेले. अठ्ठावीस महिन्यांचे व्याज १ लाख ८२ हजार, देखभाल खर्च ३० हजार ८००, दोन वर्षांची घरपट्टी ९ हजार. एकूण सव्वापाच लाखांच्या आसपास. हट्टाची ही किंमत आम्ही रोख भरली. मुलीचे शिक्षण पूर्ण झाले, पण शेवटच्या वर्षी ती शिकवण्या करून आपला खर्च भागवीत होती, हे आम्ही विसरणार नाही.

यातून विकणाऱ्याने काय घ्यावे? शेजाऱ्याचा जुना भाव विसरावा आणि घेणाऱ्याचा हप्ता मोजावा. कागद आधी, दलाल नंतर. पहिले प्रामाणिक गिऱ्हाईक हे बहुधा सर्वांत चांगले गिऱ्हाईक असते. थांबण्याचा खर्च दरमहा कागदावर लिहावा, कारण तो न लिहिल्यास दिसत नाही. आणि आठवणींची किंमत कोणी देत नाही, ती आपणच बरोबर न्यावी. आमच्या सौभाग्यवतींनी सज्जातली तुळस नेली, बाकी सर्व ठेवले.

आणि आम्ही संघटनेने काय घ्यावे? २०२१ पासून आमच्या प्रत्येक मागणीपत्रकात एक कलम असते, की कंत्राटदार बदलला तरी कामगाराच्या वेतनचिठ्ठीवर त्याची मूळ रुजू होण्याची तारीख छापली पाहिजे. कायम करा ही मागणी आहेच, ती सोडलेली नाही. परंतु ती मिळेपर्यंत निदान त्याच्या अकरा वर्षांना कोणी एक वर्ष म्हणू नये. एका कारखान्यात हे कलम मान्य झाले. त्या चिठ्ठीच्या आधारावर आतापर्यंत तीन जणांना गृहकर्ज मिळाले. तीनच. त्यांत तो मुलगा नाही. तो अजून भाड्याने राहतो, आणि पाळण्यातली मुलगी आता शाळेत जाते.

तो सभेला येतो. पुढच्या करारावर सही करण्यापूर्वी मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा, असा ठराव त्यानेच मांडला, आणि तो आम्ही मान्य केला आहे. 'सोयीप्रमाणे' हा शब्द आता कोणत्या कलमात येतो, हे ऐकावयास तो पहिल्या रांगेत बसलेला असेल.